भुंगा गप कसा केला

एका उन्हाळ्यापासून ते कार्तिकापर्यंत आमच्या घरात एक भुंगा होता. खरा नव्हे, मोटरीचा. पण मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्याला भुंगाच म्हणायचे. ओसरीवर बसल्या बसल्या विचारायचे, ''सूनबाई, भुंगा शिरला का वं घरात?'' आणि मी ''हाव मामाजी, हाकलते'' म्हणून पदर झटकायची. त्यांना दिसत नाही हे मला माहीत, तरी झटकायची. सवय म्हणा, नाहीतर खोटं बोलताना हाताला काहीतरी काम लागतं म्हणा.

मामाजींचे डोळे मोतीबिंदूनं गेले होते. अगदी अंधार नव्हता. दिवा असला तर त्यांना पिवळा डाग दिसायचा, दारात कोणी उभं राहिलं तर सावली. पण कान! कान असे की मागच्या दारी मांजर दुधाजवळ गेलं तरी ओसरीवरून सांगत. पीठ मळताना पाणी जास्त झालं तर आवाजावरून कळायचं त्यांना. अशा माणसापासून लपवून, त्याच घरात, मोटरीची नाव बनवायची होती आम्हाला. आम्ही म्हणजे मी आणि माझे दीर.

कशाला बनवायची, ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल या बाईला काही कामधंदा नव्हता. कामधंदा इतका होता की बसले तर झोप लागायची. भाजी चिरता चिरता डोळा लागून बोट कापलंय मी.

आमचं गाव देऊळगाव राजापासून फार लांब नाही, रस्त्यावरचं. गावाला मोठं तळं. अलीकडे घाटाच्या पायऱ्या, पलीकडे महादेव. कार्तिकी पौर्णिमेला तळ्यात दिवे सोडतात ते तर सगळीकडेच आहे, पण आमच्या गावाची एक जास्तीची रीत होती. ज्या घरी माणूस गेलं असेल त्या घरानं त्या माणसाच्या नावाचा वेगळा दिवा सोडायचा. कणकेचा दिवा, पळसाच्या पानांचा द्रोण. तो पलीकडे महादेवाच्या पायरीला लागला की माणूस सुटलं. मधेच विझला किंवा माघारी आला तर जीव अजून घरात अडकलाय असं धरायचं आणि पुढच्या कार्तिकात पुन्हा सोडायचा. हात लावायचा नाही, काठीनं ढकलायचा नाही. पाण्यानं नेला तर नेला.

बरीच माणसं हे अर्ध्या मनानं करत. माघारी आला तर ''बुढ्याले घर सुटून नाही राह्यलं'' म्हणून हसत, आणि पुढच्या वर्षी बघू म्हणत. मामाजींना मात्र हसण्यावारी नेता येत नव्हतं.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या त्या मोठ्या दुष्काळात. आधी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांचं अंग पुसणं, कूस बदलणं, त्यांची धुणी, आणि धुण्याला पाणी नाही. खाली धरणाच्या खड्ड्यातून घागरी आणायची मी. त्या दिवसांचं मला दुसरं काही आठवत नाही, फक्त मान दुखायची ते आठवतं. त्या गेल्या त्या वर्षी तळ्यात चिखलसुद्धा नव्हता, भेगा होत्या. दिवा सोडणार कुठं? मामाजी तसेच त्या भेगांकडे तोंड करून बसून आले.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, तळं भरलं. कार्तिकात आत्याबाईंचा दिवा सोडला. थोडा आत गेला, गिरकी घेतली, आणि सरळ माघारी आला. पायरीला टक्कर देऊन थांबला, अगदी मामाजींच्या पायाशी. त्यांना पिवळा डाग जवळ येताना दिसला असणार. घरी येऊन जेवले नाहीत.

त्याच थंडीत जालन्याला डोळ्यांचं शिबिर होतं. आमचे हे एसटीत कंडक्टर, जालन्याच्याच गाडीवर. त्यांनी नाव लिहून ठेवलं, सुट्टी काढली, आणि मामाजी ओट्यावरून उठेनात.

''तिचा दिवा लागल्याशिवाय मी डोळे उघडून काय पाहू?'' म्हणाले. ''ती अडकून राह्यली, अन् मी चष्मा लावून हिंडू?''

यांनी समजावलं, मी समजावलं. मग डॉक्टर घरीच आणला, तोही समजावून गेला. जाताना मला दारात सांगितलं, ''बाई, पुढच्या थंडीच्या आत झालं पाहिजे. मोतीबिंदू फार पिकला तर मग माझ्याही हातात नाही.''

म्हणजे पुढच्या कार्तिकात दिवा पलीकडे लागला तर मामाजींना दृष्टी. नाही लागला तर कायमचा तो पिवळा डागही जाणार. आणि आंधळा माणूस सांभाळायला घरात कोण, तर मी. खरं सांगते, त्यांच्या मायेनं जितकं केलं तितकंच मी दमले होते म्हणूनही केलं. एक आजारपण उरकून उठले होते, दुसरं अंगावर घ्यायची ताकद नव्हती.

दिरांचं देऊळगावला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याआधी मिलिटरीत होते, सिग्नलला. तिथं कोणा साहेबानं छावणीच्या तळ्यात खेळण्यातली आगबोट सोडलेली त्यांनी पाहिली होती. साहेब काठावर, हातात डबा, आणि बोट आपली पाण्यात फिरते. बिनदोरीची. हे त्यांनी मला चुलीपुढं बसून सांगितलं.

मी म्हटलं, ''भाऊजी, दिव्याला हात लावायचा नसतो.''

''हात कोण लावते वहिनी? बटन दाबतो.''

''अन् मामाजींना कळलं तर?''

''कळलं तर सगळं संपलं. म्हणून त बाबाले कळू द्यायचं नाही.''

झालं. तिथून पुढं माझ्या मागं भुंगा लागला.

पहिली नाव पत्र्याची केली, तेलाच्या डब्याची. आत खेळण्यातल्या मोटारगाडीची मोटर, तिच्या दातेरी चकत्या, आणि शेपटीला पितळेचा पंखा. गोठ्यामागं जनावरांच्या पाण्याचा हौद होता, त्यात सोडली. अरे देवा! डफडं वाजावं तशी वाजली. पाण्यात सोडलेलं खेळणं एवढं बोंबलेल असं वाटलं नव्हतं. म्हैस दावं तोडायला निघाली. ओसरीवरून लगेच हाक, ''सूनबाई, भुंगा शिरला का वं?''

आणि पळाली अशी की हौदाच्या भिंतीवर तोंड आपटून उलटली. द्रोण असा पळतो का कधी? दिवा तर सुटल्या सुटल्याच विझला असता.

तेव्हा दोन गोष्टी ठरल्या. नाव चालली पाहिजे द्रोणासारखी सावकाश. आणि वाजता कामा नये. भाऊजींना वाटलं, पहिली गोष्ट अवघड आणि दुसरी सोपी. उलटं निघालं.

सावकाशीचं त्यांनी असं केलं. विजेच्या शेगडीची जळकी तार असते ना, वेटोळ्यांची, तिचे तुकडे घेतले. मोटरीची वीज त्या तारेतून फिरवून आणली की दमून येते, जशी मी खालून घागर घेऊन वर येताना दमायची. जितकी तार लांब तितकी वीज दमलेली, आणि मोटर तितकी हळू. पंख्याचं बटन फिरवतो तशी एक चकती केली. तिला घरं चार: थांब, हळू, मध्यम, जोरात. काठावरून बटन दाबलं की बिनतारी हाक जाऊन नावेच्या पोटात 'टक' व्हायचं आणि चकती एक घर पुढं सरकायची.

पण पुढंच, बरं का. मागं नाही. हीच त्यातली ग्यानबाची मेख. हळूवरून थांबवायचं असलं तरी मध्यम, जोरात अशी पुढची घरं ओलांडूनच थांबवर यायचं. भाऊजी दाबायचे तेव्हा नाव जोरातवर उडी मारायची आणि मग थांबायची. द्रोणातलं पाणीच (तेलाऐवजी मी पाणी घालून बघायची) सगळं बाहेर.

''तुम्ही बटन दाबता का खिळा ठोकता?'' मी म्हटलं. ''आणा इकडं.''

मी दाबलं. टक-टक-टक, एका चालीत, भाकरी थापताना हात पडतो तसं. घाई केली की चकती घर चुकायची, रेंगाळलं की नाव उडायची. मधल्या चालीत दाबलं की मोटरीला जोर धरायला वेळच मिळायचा नाही, ती घरं ओलांडून थांबायची. नुसती एक थरथर. द्रोणातलं पाणी हललं, सांडलं नाही.

भाऊजी बघत राहिले. ''मंग आता बटन तुमच्याकडं.''

''अन् सैपाक कोणाकडं?''

बायकांना नवीन काम मिळतं, जुनं कोणी काढून घेत नाही.

आवाजाचं मात्र सरत नव्हतं. पत्र्याची नाव मोडून पांगाऱ्याच्या लाकडाची केली. पांगारा हलका आणि मऊ, आवाज पिऊन घेतो. चपटी केली, पाण्याला टेकलेली, काळी रंगवली, म्हणजे वर ठेवलेला द्रोणच तेवढा दिसावा. मोटर बदलली. एका बंद पडलेल्या बॅटरीच्या रेकॉर्ड प्लेयरची मोटर यांनी जालन्याहून कंडक्टरच्या पिशवीत घालून आणली. ती मुळातच गाण्यासाठी केलेली, म्हणून स्वतः गप्प. तिला दातेरी चकत्या नकोत. तरी सळईची घरघर उरली. मोटर आणि पंख्याची सळई एका रेषेत बसत नव्हती, केसभर चुकायची, आणि तेवढ्यानं ती कण्हायची.

उपाय सापडला तो सायकलच्या दुकानात. हवा भरायच्या तोटीवर जी बारीक रबरी नळी असते, तिचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. एक टोक मोटरीला, दुसरं सळईला. मधलं रबर वाकून घेतं, तक्रार करत नाही. मोटरीखाली जुन्या ट्यूबची घडी. सळईच्या नळीत ग्रीस. आणि जी चकती टक करायची तिच्याभोवती मी गादीतला कापूस भरला.

आता वाजतं की नाही हे कोणी सांगायचं? भाऊजी स्क्रू ड्रायव्हरचं टोक नावेला लावून मूठ कानाला लावायचे. मी म्हटलं, तुमचा कान काही कामाचा नाही, ज्याच्यासाठी चाललंय त्याचाच कान लावा. मग आम्ही दुपारी, मामाजी जेवून ओसरीवर टेकले की, भिंतीअलीकडे घंगाळात पाणी भरून नाव सोडायचो आणि वाट बघायचो. मामाजी काय म्हणतात त्यावरून आमचा हिशोब.

''भुंगा आला का वं?'' म्हणाले की भाऊजी कपाळाला हात लावायचे.

पुढं पुढं, ''कोणाकडं दळण चाललं का? लांबून येते आवाज.''

मग एकदा, ''माशी आहे कुठंतरी.''

माशीला भाऊजी इतके खूष झाले की मला म्हणाले, ''वहिनी, आज गोड करा.'' मी म्हटलं गूळ संपलाय, गोड तुम्हीच बोला.

त्या सगळ्या महिन्यांत मला भाऊजींचं कौतुक वाटायचं आणि रागही यायचा. ते दुकान बंद करून यायचे, दोन तास नावेत डोकं घालायचे, आणि मग जेवून झोपायचे. माझ्या हाताला ग्रीस लागायचं ते कणकेला लागू नये म्हणून राखेनं घासायची मी. हात सोलपटले. कधी कधी घंगाळातली ती काळी नाव गोल गोल फिरताना बघून वाटायचं, आत्याबाई, तुम्ही जिवंत असताना एवढी सेवा केली, आता मेल्यावरही तुम्हाला मीच पोचवायचं का? वाटायचं, म्हणजे वाटायचं. बोलायची कोणाला?

आणि मग एका दुपारी नाव फिरत होती, हळूच्या घरात, आणि ओसरीवर काहीच नाही. आम्ही थांबलो. भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं. मी ओसरीवर गेले. मामाजी जागे होते, माळ ओढत होते.

''काही हवं का मामाजी?''

''नाही वं. आज लय गप आहे घर.''

आत येऊन मी भिंतीला टेकून बसले. रडू येण्याइतकीही ताकद नव्हती. भाऊजी मात्र घंगाळाभोवती एका पायावर नाचत होते.

एक अडचण राहिली. माझ्या हातातला डबा. बिस्किटाचा डबा तो, वर बटन, आणि त्याला हातभर नव्हे, चांगली पुरुषभर उंच तार लागायची, उभी. त्याशिवाय नावेला हाक पोचत नव्हती. घाटावर बाई तार उभी करून बसली तर कोण गप्प बसेल? ती अडचण मात्र कार्तिक महिन्यानंच सोडवली. कार्तिकात आमच्याकडं उंच बांबूला आकाशदिवा टांगतात. आम्ही घाटाच्या कोपऱ्यात आमचा बांबू रोवला, तार बांबूला बांधून वर नेली, आणि खालचं टोक माझ्या पदराखाली. लोक म्हणाले, यंदा घाटावर आकाशदिवा लावला यांनी, छान केलं.

पौर्णिमेला दिवस मावळताना घाट भरला. आम्ही कोपऱ्यातल्या पायऱ्यांवर. मामाजी एका पायरीवर, त्यांच्या शेजारी मी, मांडीवर डबा, त्यावर पदर. यांना नेमकी गाडी होती. भाऊजी महादेवाकडं गेले, नाव पोचली की उचलून पोत्यात घालायला. जाण्याआधी नाव त्यांनीच पाण्यात धरून ठेवली, मी वर द्रोण बसवला, कणकेचा दिवा लावला, मामाजींचा हात धरून द्रोणाला लावला. त्यांना वाटलं त्यांनीच सोडला. मी आत्याबाईंचं नाव घेतलं आणि बटन दाबलं. एकदा.

चालली. काय सांगू तुम्हाला, अशी चालली की पाण्याला कळलं नसेल. आवाज नाही. ज्योत वाकडी नाही. पायरीपासून सुटली आणि सावकाश आत. झालं, म्हटलं. सहा-सात महिने राबलो, झालं.

आणि तेवढ्यात मला बाकीचे दिवे दिसले.

वारा महादेवाकडून आमच्याकडं येत होता. गावाचे सगळे दिवे घाटाला चिकटून, पायऱ्यांशी गर्दी करून, डुलत उभे. आणि आमचा एकटा, वाऱ्याच्या तोंडात, सरळ पुढं. आम्ही आवाज मारला होता, वेग मारला होता, दिसणं लपवलं होतं. वाऱ्याचा विचार दोघांनीही एकदासुद्धा केला नव्हता. करणार कसा? घंगाळात वारा असतो का?

मागं कोणीतरी बाई म्हणाली, ''अगं बाई, पाह्य वं, हा कसा चालला उलटा?'' दुसरी म्हणाली, ''पुण्याई असते एकेकाची.'' आणि हात जोडले.

मी मामाजींकडं पाहिलं. त्यांचं उपरणं मागं उडत होतं. त्यांनी गालावर तळवा ठेवला, जसा ताप बघतात तसा. वारा बघितला. मग त्या पिवळ्या डागाकडं बघत राहिले.

''सूनबाई,'' हळूच म्हणाले, ''वारा माझ्या तोंडावर आहे.''

मी डब्यावरचा पदर सारखा केला.

''अन् ती तिकडं जाऊन राह्यली.''

माझ्या मनात एकच: संपलं. डोळे गेले मामाजींचे.

''लहान्यानं केलं काही?''

''हाव,'' मी म्हटलं. खोटं बोलायलाही जोर लागतो, तो राहिला नव्हता.

''तो भुंगा... हाच का?''

''हाच मामाजी.''

मला वाटलं आता उठतील. काठी चाचपतील. पण ते बसूनच राहिले. मग म्हणाले, ''थांबवता येते का तिले?''

''येते.''

''थांबव जरा.''

तीनदा दाबायचं होतं, त्यात जोरातचं घर. तळ्याच्या मधोमध, पेटता दिवा वर. मी डोळे मिटले. भाकरी डोळ्यांसमोर आणली. टक-टक-टक. डोळे उघडले तेव्हा ज्योत आडवी झाली होती. मग उभी राहिली.

नाव पाण्यात उभी. वारा तिला धरून हळूहळू माघारी आणायला लागला. आमच्याकडं. मामाजींना डाग मोठा होताना दिसत असणार, कारण ते थोडे पुढं झुकले.

''तशीच होती ती,'' ते म्हणाले. ''कुठं निघाली की दारातून परत यायची. सुपारीची डबी राह्यली, उंबऱ्याले कडी लावली का नाही, शेजारणीले सांगाचं राह्यलं. मी पुढं रस्त्यात उभा. लय चिडायचो मी.''

दिवा येत होता. मी बटनावर अंगठा ठेवून बसले होते, काय करावं कळत नव्हतं. पलीकडं भाऊजींचं काय होत असेल, देव जाणे. त्यांना वाटलं असेल तार तुटली.

''अडकली नव्हती ती,'' मामाजी म्हणाले. ''वारा होता.''

आणि मग हात पुढं करून, ''दे माझ्याकडं ते.''

मी त्यांचा अंगठा बटनावर ठेवला. ''एकदाच दाबा मामाजी. एकदा म्हणजे हळू. दुसऱ्यांदा दाबलं त पळते.''

''पळवायची कायले?'' ते म्हणाले. आणि दाबलं. एकदा.

ती थांबली, जरा विचार केल्यासारखी, आणि पुन्हा वाऱ्यात शिरली. मामाजींनी अंगठा उचलला नाही, दाबलाही नाही, नुसता ठेवला. पिवळा डाग बारीक होत होत त्यांच्यासाठी कधी नाहीसा झाला ते मला कळलं नाही, पण मला दिसत होता, म्हणून मी सांगत राहिले. ''आता मधे आहे. आता पुढं. आता पायऱ्यांजवळ. लागली मामाजी. महादेवाले लागली.''

त्यांनी हात जोडले. अंगठा बटनावरून निघाला तेव्हा कुठं.

आता खरं म्हणजे नाव पायरीला टेकूनही चालूच होती, थांबवायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. तिकडं भाऊजींनी दिवा काढून पायरीवर ठेवला आणि घाईनं नाव पाण्यातून उचलली. पाण्यातली गप्प नाव, पण पंखा हवेत आला की त्याला अडवायला कोण? घर्रर्र करून जी ओरडली! तळ्यावरून तो आवाज असा आला की घाटावरची माणसं माना वळवून बघायला लागली. भाऊजी नाव छातीशी धरून तिचं तोंड दाबल्यासारखं करत होते. ती आणखीच ओरडत होती.

मामाजी हसले. दोन वर्षांत ते हसलेले मी ऐकले नव्हते. खांदे हलवून हसले.

''हाव,'' म्हणाले, ''आता बराबर. मी म्हणलं, ती एवढी गप कशी गेली?''

मी तीनदा दाबलं. आवाज बंद झाला. मग बांबू उपटायचा होता, तार गुंडाळायची होती, घरी जाऊन चूल पेटवायची होती. मी उठले, मामाजींना हात दिला. पायऱ्या चढताना ते म्हणाले, ''जालन्याचं शिबिर कधी आहे, विचार मोठ्याले.'' मी हो म्हटलं. मग मीच वरच्या पायरीवर जरा बसते म्हणाले, आणि बसले, आणि तिथंच मला झोप लागली.